डाव्या कानामागची हाक

४ एप्रिल २०१६, सोमवार

गाठ आहे! डाव्या कानाच्या वर, आत. लिंबाएवढी. डॉक्टरीणबाई फिल्म उजेडाला धरून म्हणाल्या, "हळू वाढणारी आहे." म्हटलं, "म्हणजे शहराच्या नव्या जलवाहिनीसारखी." त्या हसल्या नाहीत. सत्यशीला तर मुळीच नाही. लोक पेपर विकत घेऊन माझ्या सदराला हसतात, बायको पंचवीस वर्षांत फुकटातही हसली नाही.

म्हणजे दोन महिने ऐकू येते ती आईची हाक या गाठीची. आई जाऊन तीन वर्षं झाली. आधी तोंडाला लोखंडाची चव येते, मग ती—

"तिंबका, मागं कोन राहिलं रं?"

आम्ही मेंढरांमागची माणसं. वैजापूरकडून निघालो की आई घोड्याची दोरी धरून पुढं, मी सगळ्यांच्या मागं. कळप लांबला की ती मान न वळवता हेच ओरडायची. मी ओरडायचो, "कुनी नाय!" मगच तिचं पुढचं पाऊल पडायचं.

आता हाक आली की माझे ओठ हलतात. पन्नाशीचा माणूस, गळ्यात चष्मा, आणि पुटपुटतो—कुनी नाय.

६ एप्रिल

बाईंना विचारलं, गाठ हाक कशी मारते? मला वाटायचं मेंदू म्हणजे मज्जापेशींचं राज्य, बाकीचा भराव.

"भराव नाही, आधारपेशी. त्या मज्जापेशींशी बोलतात."

एक मज्जापेशी दुसरीला निरोप देते तेव्हा दोघींच्या सांध्यात रसायन सोडते. तिथंच ही तिसरी पंजा लावून बसलेली. सांडलेलं उचलते. निरोप ऐकते. आणि आपलं रसायन सोडून सांगते—पुरे आता, किंवा बोल अजून. मज्जापेशीसारखी वीज नाही तिच्यात, आतून कॅल्शियमची एक संथ लाट सरकते फक्त. एकेकीकडं लाखो सांधे. रक्त कुठं जास्त सोडायचं, तेही नळ्यांना हीच कळवते.

"आणि माझ्या?"

"तुमची गाठ याच पेशींची. उचलायचं सोडून त्या ओततायत. मग शेजारच्या मज्जापेशी कारण नसताना पेटतात. आवाज साठवलेल्या जागी पेटल्या, की आवाज येतो."

सत्यशीलानं विचारलं, "मग हाक मारतात त्या सासूबाई नाहीत?"

बाई चिठ्ठी लिहीत राहिल्या. गोळी सकाळ-संध्याकाळ. ऑपरेशन दोन महिन्यांच्या आत. "हाक बंद होईल," म्हणाल्या. काय आनंदानं म्हणाल्या!

८ एप्रिल, पाडवा

गुढीवर तांब्या पालथा घातला. नाहीतरी रिकामाच होता. पाणी पाचव्या दिवशी.

दोन दिवस गोळी. दोन दिवस हाक नाही.

१३ एप्रिल

नळाला पाणी सोडणारा कडुबा गल्लीच्या तोंडाशी दिसला. मागच्या महिन्यात याच्यावर सदर लिहिलं होतं—महापालिकेचा वरुणदेव, हातात किल्ली. गल्ली खदखदा हसली होती.

खड्ड्यात ती लांब लोखंडी किल्ली घालून, तिच्या दांड्याला कान लावून बसला होता. अर्धा तास मी उभा.

"काय ऐकतो रे?"

"पानी. खालची गल्ली भरली का आवाज बारीक व्हतो. मंग हिकडं सोडायचं. उघडाया काय, कुनीबी उघडंल. बंद कव्हा करायचं ते ऐकावं लागतंय. लिवा आता ह्याच्यावर बी!"

"मागच्या वेळी राग आला होता का?"

"नाय बा. घरच्यांनी तुमचा कागद डब्याखाली हातरला. लई कामाला आला."

खल्लास! वीस वर्षांत एवढी नेमकी समीक्षा कुणी केली नाही.

चालत घरी आलो. हीच की बाईंची पेशी! कान लावून बसलेली. आईही तशीच—मागं न बघता सगळा कळप ऐकायची. आणि मी? बोलणारा. नुसता बोलणारा.

१५ एप्रिल

नऊ दिवस शांतता. असह्य.

आजवर लिहिलं नाही ते लिहितो. मे २०१३. टँकरचा उन्हाळा. क्रांती चौकाजवळच्या सभागृहात मी दुष्काळावर विनोदी भाषण देत होतो. खिशात फोन तीनदा थरथरला. आई. चितेगावजवळच्या एका वावरात आमच्या माणसांची मेंढरं मुक्कामाला होती, तिथून. म्हटलं, टाळ्या संपू देत. टाळ्या लई वेळ चालल्या.

ती उन्हानं पडली होती. माणसं आली तेव्हा फोन हातातच होता म्हणे.

आता ती रोज बोलावते. आणि मी ते बंद करायची गोळी गिळू?

गोळी बेसिनमध्ये. "घेतली का?" आतून सत्यशीला. "घेतली."

१९ एप्रिल

आली!

२ मे

दिवसातून चार-पाच वेळा. मी आता मोठ्यानं उत्तर देतो, गच्चीवर जाऊन. शेजाऱ्यांना वाटतं टाकी बघतोय.

सदर जमत नाही. काल 'टँकर' हा शब्द सापडेना. शेवटी लिहिलं—चाकांची विहीर. संपादकांचा फोन: "वा, काय प्रतिमा! कुठून सुचतं हो?"

११ मे

बाईंचा फोन. गोळी घेऊनही हाक थांबत नाही, हे त्यांना विचित्र वाटतं. म्हटलं, आमची आई हट्टी होती. त्या म्हणाल्या, "उशीर केलात तर तुमचं बोलणं जाईल. लिहिणं जाईल. पुढचं मी सांगत नाही." मी म्हटलं, विचार करतो.

सत्यशीला दाराशी उभी. "विचार? कसला विचार?"

"हाक जाईल ती."

"आणि तुम्ही गेलात तर?" मग शांतपणे, "मेलेल्या माणसाचं बरं ऐकू येतं तुम्हाला. मी पंचवीस वर्षं याच घरात बोलतेय."

टोमणा सुचला होता. दिला नाही.

१७ मे, मंगळवार

दुपार. सत्यशीला समोर बसून गवार मोडत होती. तोंडाला लोखंडाची चव आली. मी डोळे मिटून वाट बघत बसलो.

"अहो."

"काय?"

तिनं मान वर केली. "मी कुठं काय बोलले?"

पुन्हा, "अहो, ऐकलंत का?" तिचाच आवाज. तसाच शेवटी थोडा वर चढणारा. मी तिच्याकडं बघत होतो. ओठ मिटलेले. हातात शेंग. जिवंत माणसाचाही आवाज काढते तर ही गाठ!

सगळं सांगितलं तिला. बेसिनसुद्धा. तिनं उठून गोळी आणली. ऑपरेशन २३ तारखेला.

आई आज गेली.