बाकडं हलणार नाही

मंगळवार, रात्र

आज मी फार खूश आहे. सरकार गावातल्या लहान दुकानांना मदत देतंय, त्यात माझं होळी बाजारातलं दुकान बसलं! मोठा फ्रीज मिळणार. अर्ज नातीनं तिकडं तिच्या घरी, तुळिंजला बसून मोबाइलवर भरला, मला काय येतंय.

साहेब दुकान बघायला आला. पोरगेलाच होता. म्हणाला, "आजी, रोज गिऱ्हाईक कोण कोण येतं?" मी बोटांवर मोजून सांगितलं, फिलूबाय, नातालबाय, तिची जाऊ. "काय घेतात?" आता काय सांगू? कधी तपकीर घेतात. बाकड्यावर बसतात, बोलतात. म्हणजे बसायच्या. फिलूबाय पावसाळ्यात देवाघरी गेली, त्या दोघी जावांना लेकांनी फ्लॅटवर नेलं. मी अजून त्यांना धरूनच मोजते, वेडी.

मग म्हणतो, "हे बाकडं काढा, फ्रीज इथं बसेल."

"फ्रीजऐवजी लांब बाकडं द्या की, बाबा."

केवढा हसला! "बाकड्याला अनुदान नसतं, आजी."

"मग माझी खाट मागं नेते, फ्रीज तिच्या जागी लावा. बाकडं हलणार नाही."

कबूल झाला. मी आनंदानं खोबऱ्याच्या वड्या केल्या, ताट घेऊन बाकड्यावर बसले. चर्चची घंटा झाली, अंधारलं, तरी कोण नाही. शेवटी एक वडी मीच खाल्ली. छान झाली होती. कोणाला तरी सांगावं, म्हणून इथं लिहिलं.