जोडीदारांचा बाक

तीर्थस्वरूप चांगदेवदादा यांस तात्याचा साष्टांग नमस्कार (कंबरेत उसण भरली आहे, तेव्हा तो उभ्यानेच घातला असं समजावं).

पेणला सगळे खुशाल असाल. वहिनींच्या गुडघ्याला उतार पडला का? पत्र बघून दचकू नका. फोनच केला असता. पण आमच्या घरातला फोन म्हणजे ग्रामपंचायतीचं दुसरं कार्यालय, आणि हा मजकूर तुमच्या बहिणीच्या कानावर जायला नको.

तुम्हाला ठाऊकच आहे, पाच वर्षांपूर्वी सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं म्हणून मी सगुणाला उभं केलं. (मी केलं, असं मी सगळीकडे सांगतो. ती काही बोलत नाही.) पहिलं वर्षभर कागद आला की ‘इथे सही कर’ म्हणून मी बोट ठेवायचो आणि ती सही करायची. सभेत तिच्या उजव्या हाताला माझी खुर्ची, आणि प्रश्न तिला विचारला तरी उत्तर माझ्या तोंडून. दुसऱ्या वर्षापासून ती माझं बोट बाजूला सारून कागद वाचायला लागली. तिथून माझे ग्रह फिरले, पण खुर्ची टिकून होती. आता नव्या सोडतीत पद खुलं झालंय, निवडणूक तोंडावर आलीय, आणि यंदा उभं राहायचं ते मी, असं घरात न बोलता ठरल्यासारखं होतं.

अशात गेल्या बुधवारी आमच्याकडे नॉर्वेचे पाहुणे आले. तिकडच्या आणि इकडच्या निवडून आलेल्या बायकांनी एकमेकींचा कारभार बघायचा, त्यातून शिकायचं, असा कुठल्याशा संस्थांनी मिळून आखलेला कार्यक्रम. मांडव्याला बोटीतून सहा नगरसेविका उतरल्या, आणि त्यांच्या म्होरक्या इंग्रिडबाई, एका बंदराच्या गावच्या नगराध्यक्षा. मी दोन पानी स्वागताचं भाषण पाठ केलं होतं. त्यात ‘लोकशाही’ अकरा वेळा होती. कडक इस्त्रीचा सदरा घालून माझ्या खुर्चीकडे गेलो, तर तिच्यावर इंग्रिडबाई! ग्रामसेवक हळूच म्हणाले, “तात्या, तुमची सोय बाहेर केलीय.” बाहेर मांडवाखाली एक बाक, बाकावर पुठ्ठ्याची पाटी, पाटीवर ‘जोडीदार’. अक्षर तुमच्या बहिणीचं.

बाकावर आधीच एक साडेसहा फुटी गृहस्थ लोकरीचा पायमोजा विणत बसले होते (आमच्या उकाड्यात!). हे इंग्रिडबाईंचे यजमान, लार्स. दुभाषी म्हणून शेजारची ऋतिका होती. त्यांनी मला विचारलं, बाकावर किती वर्षं? म्हटलं, आज पहिलाच दिवस. ते म्हणाले, मला सतरा. आणि सरकून जागा करून दिली. पहिली दोन वर्षं तेही आत बसून बायकोच्या वतीने बोलायचे म्हणे. एकदा बाईंनी फक्त विचारलं, गावाने मत कुणाला दिलंय? तेव्हापासून मोजे.

आत पाण्याचा विषय निघाला. खिडकी उघडी होती आणि माझे कानही. समुद्राकाठच्या होमस्टेंना दिवसभर पाणी आणि वरच्या वाडीला अर्धा तास, ही आमची जुनी रड. सगुणाने मागे काय केलं होतं, तर महिला सभा सकाळची काढून संध्याकाळी चारला ठेवली, कारण मासळी विकणाऱ्या बायका तेव्हा बाजारातून परततात. एरवी आठ जणी यायच्या, त्या दिवशी शंभरावर आल्या. पाणी सगळ्यांना सारखं, असा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी तिने पहिली जादा जोडणी तोडली ती आपल्याच होमस्टेची. (मी तीन दिवस अबोला धरला. कामाच्या गडबडीत तिला तो कळलाच नाही.)

इंग्रिडबाईंनी विचारलं, सर्वांत जास्त विरोध कुणी केला? मी बाकावर अंग चोरून घेतलं. सगुणा म्हणाली, “आमच्या घरातूनच झाला. पण नंतर यांनीच बादल्या भरभरून पाहुण्यांच्या खोल्यांत नेल्या. तेही लिहून घ्या.” मग वरच्या वाडीच्या मनुबाई उठल्या. या बाई आजवर सभेत कधी तोंड उघडत नसत. म्हणाल्या, “नळाला पानी आलं तवा मी निसता हात धरून उभी राह्यले. आमची सरपंच घरच्यांना बी भ्याली न्हाय. अशी बाय परत गावायची न्हाय.”

दादा, मला राग यायला हवा होता. आला नाही. ऊर भरून आला, आणि डोळेही. अकरा वेळा लोकशाही पाठ केलेल्या माणसाला ती त्या बाकावर बसल्यावर पहिल्यांदा ऐकू आली. लार्सनी अर्धा विणलेला मोजा डोळे पुसायला पुढे केला. फार टोचला.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
तात्या

ता. क. : लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. तुमच्या दुकानात मी गुपचूप छापायला टाकलेला ‘भावी सरपंच तात्या’ हा दहा फुटी फ्लेक्स छापू नका. छापला असेल तर वहिनींना पापड वाळत घालायला द्या. त्याऐवजी सगुणाचा छापा. मी कोपऱ्यात तिकिटाएवढा असलो तरी चालेल.

आणखी एक ता. क. : तिने अजून ‘उभी राहते’ म्हटलेलं नाही. माझी हौस तिला माहीत आहे, म्हणून गप्प आहे. मी सांगायला गेलो तर तिला वाटेल, पाण्यावरून टोमणा मारतोय. तुम्ही रविवारी येऊन तिला राजी करा. तुमचं ऐकेल.

दादा, मी सगुणा. यांनी पाकीट न चिकटवताच ठेवलं होतं, म्हणून मी वाचलं. फ्लेक्स कुणाचाच छापू नकोस, गावात विनापरवानगी फ्लेक्स लावायचा नाही हा ठराव माझाच आहे. रविवारी मात्र ये, वहिनीलाही आण. मी यांच्यासाठी थांबले होते, आता थांबत नाही. अर्ज मीच भरते. सूचक म्हणून यांची सही घेणार आहे. कुठे करायची, ते मी बोट ठेवून दाखवीन.