उजवा कौल

माळेगाव बुद्रुक,
१६ जानेवारी २०२५

प्रिय राजलक्ष्मी,

मामाचा आशीर्वाद. संक्रांतीला तुला इंदापूरहून येता आलं नाही. तुझ्या वाटचा तिळगूळ डब्यात ठेवलाय. ऊस अजून उभाच आहे, तोडणीची टोळी आलेली नाही. तुझी आजी बरी आहे.

बरी म्हणजे काय, ते नीट लिहितो. काल बारामतीच्या डॉक्टरांनी तिच्या तळपायाची पट्टी कायमची काढली. जखम भरली. पाय कापावा लागणार नाही.

डॉक्टर किती दिवस सांगत होते, "शुगर आहे, अनवाणी फिरू नका." मी चपला आणल्या, त्या कोपऱ्यात पडून राहिल्या. दिवाळीत तू तिच्या पायाशी बसून नुसतं विचारलंस, "आजी, चप्पल का घालत न्हाईस?" आम्ही कुणी हे विचारलंच नव्हतं.

"मानसिंगा, जा, गुरांना पाणी दाव," म्हणून तिनं मला बाहेर काढलं. मी दाराआडच थांबलो.

"देवीला नवस बोललीय. पायात काय घालनार न्हाय."

"मग त्याच्या बदली दुसरं कायतरी सोड."

"माज्या जिवाचं असाया पायजे."

"गोड चहा?"

तू तशीच बसून राहिलीस. मग आजी म्हणाली, "लई चाप्टर हायस. पर देवीला इचारावं लागंल."

दिवाळीतल्याच मंगळवारी देवळात कौल लावला. देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलं. उजवं पडलं तर होकार. तू हसली नाहीस, हात जोडून उभी राहिलीस. उजवं पडलं. येताना मी विचारलं, "डावं पडलं असतं तर?"

"तर पुन्हा तिच्याजवळ बसले असते, मामा."

शेजारचे आप्पासाहेब म्हणायचे, "डॉक्टरकी शिकनाऱ्या पोरीला समाजशास्त्र न्‌ गोष्टींची पुस्तकं कशाला?" काल त्यांना आजीचा पाय दाखवला. "चप्पल भारीतली दिसती," एवढंच बोलले. अभ्यासाच्या ताणामुळे तू ह्या विषयांचे तास सोडायचं म्हणत होतीस. जमलं तर सोडू नकोस. माणसाला विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं, हे तिथंच शिकले, असं तूच म्हणाली होतीस.

एक राहिलं. नवस कशासाठी, ते तिनं तुला हळूच सांगितलं. तू मला बोलली नाहीस, पण मी ऐकलं होतं. माझ्या हृदयाचं ऑपरेशन झालं त्या दिवसापासून ती अनवाणी होती. मला ठाऊक नाही, असंच ती समजते. तसंच राहू दे.

आता मीही तिच्याबरोबर बिनसाखरेचा चहा घेतो. "तुला रं काय झालं?" विचारते. मी म्हणतो, "आवडायला लागलाय."

देवी तुझ्या हाताला यश देवो, आणि असंच कुणाच्याही पायाशी बसायची बुद्धी कायम ठेवो.

तुझ्यामुळे आईच्या पाया पडू शकणारा,
मानसिंगमामा