चुकीच्या जागचं आमेन

प्रिय लेकी,

रविवारपासून माझं डोकं ठिकाणावर नाही. काल शेजारणीच्या नातवाचा सदरा बेतला आणि दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या. इतकी वर्षं शिवणकाम करते आहे, असं कधी झालं नव्हतं. शेजारीण म्हणाली, आता पोराला दुसरा डावा हात फुटेपर्यंत थांबू. मीही हसले. मग कात्री खाली ठेवली आणि तशीच बसून राहिले.

फोन केला असता, पण फोनवर तू ‘आई, गाडी चालवतेय, नंतर बोलू’ म्हणतेस, आणि ते खोटंही नसतं. चार गावांची चार चर्च एकटीच्या गळ्यात असल्यावर दुसरं काय होणार?

तू आमची पाळक होऊन आलीस तेव्हा कितीजणांनी नाकं मुरडली होती, ते मी तुला कधी सांगितलं नाही. ज्या चर्चची झाडलोट बापाने केली, घंटा बापाने वाजवली, तिथेच त्याची लेक झगा घालून उभी राहणार, हे काहींच्या घशाखाली उतरत नव्हतं. त्यात तू आल्या आल्या बाक हलवलेस. लोकांना एकमेकांच्या पाठी बघायची सवय, आता एकदम तोंडं दिसायला लागली. उपासनेच्या मध्येच शेजारच्याचा हात हातात घ्यायला लावलास. सुतार आणि गिरणीवाला एका भिंतीच्या भांडणापायी वर्षानुवर्षं बोलत नव्हते. त्यांनी पहिल्यांदा हात मिळवला तो असा, की कुणी तापलेलं भांडं पकडायला दिलंय. आता सुतार उपासना संपल्यावर गिरणीवाल्याच्या ओट्यावर जाऊन बसतो. हे तुझ्यामुळे झालं. मी ते विसरलेले नाही, एवढंच सांगायचंय.

आणि मला उपासनेत बायबलमधला शास्त्रपाठ वाचायला उभं केलंस तेही तूच. मी शाळेचं तोंड पाहिलेली बाई नव्हे. गाणी तोंडपाठ होती, म्हणून गाण्यांच्या पुस्तकातल्या ओळींखाली बोट ठेवून अक्षरं ओळखायला आणि मग गिरवायला शिकले. तुझे बाबा चिडवायचे, तू वर्तमानपत्र वाचतेस तरी त्याला चाल लागते. शास्त्रपाठ वाचताना अजूनही लागते. लोक ऐकून घेतात.

बाबांना पुरलं तेव्हा प्रार्थना तूच म्हटलीस, आणि तुझा आवाज कुठेही कापला नाही. मला तेव्हा राग आला होता. पोटची पोर इतकी कोरडी कशी, असं वाटलं. संध्याकाळी आत येऊन बघते तर तू चिखलाच्या बुटांसकट त्यांच्या खुर्चीत झोपलेली, आणि गालांवर मीठ वाळलेलं. त्या दिवसापासून मी तुझ्या आवाजावरून तुझी पारख करत नाही. घर मात्र तेव्हापासून फार नीटनेटकं राहतं. पसारा करणारा माणूसच नाही.

म्हणूनच शनिवारची गोष्ट मला अजून उलगडत नाही. तू जेवायला आलीस. भांडी मी घासून ठेवलेली, ती तू पुन्हा विसळलीस. गुडघ्याचं विचारलंस, आणि थोड्या वेळाने पुन्हा गुडघ्याचंच विचारलंस. दाराशी जरा थांबलीस. मला वाटलं, पोर दमलीय. तुझ्या पोटात काय होतं हे मला दुसऱ्या दिवशी सगळ्यांबरोबर बाकावर बसून कळलं.

तू ते कागदावरून वाचलंस. पुढच्या महिन्यापासून रविवारची उपासना फक्त हमरस्त्यावरच्या मोठ्या चर्चमध्ये. लोकांना न्यायला गाडी येईल. आमची इमारत विकणार नाही, आठवड्याच्या मधल्या दिवसांत तिथे तपासणीला परिचारिका बसेल, मुलांचा अभ्यास होईल. सगळं समजून उमजून ठरवलेलं होतं, मी नाही म्हणत नाही. पण तू ते ज्या सुरात प्रार्थना म्हणतेस त्याच सुरात वाचलंस, आणि शेवटी तशीच थांबलीस. आणि सगळं चर्च म्हणालं, आमेन.

मीही म्हटलं. तोंडातून बाहेर पडलं आणि मग कानावर आलं. गिरणीवाल्याने तोंडावर हात ठेवला. बहिरे मास्तर बायकोला मोठ्याने विचारत होते, अगं, आज कुणासाठी प्रार्थना केली? आपल्याच दाराला आपणच कडी घातली होती आणि वर आमेन म्हटलं होतं. लेकी, इतकी वर्षं प्रार्थना केल्यावर माणसाची जीभ अशी त्याच्या आधी पळते, हे मला ठाऊक नव्हतं.

म्हणून मी उठले. चर्चमध्ये मी तुला नेहमी पाळकबाई म्हणते, तुम्ही म्हणते. त्या दिवशी तोंडातून निघालं, अगं थांब, आम्ही चुकून म्हटलंय. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, बसा बाई, उपासना चालू आहे.

मी बसले. पुढचं गाणं कुठलं झालं ते विचारू नकोस. परकी बाई उठली असती तरी तू हेच म्हणाली असतीस, हे मला कळतं. आईला आधी सांगितलं असतंस तर गाव म्हणालं असतं, घरात शिजवून आणलं. तेही कळतं. तरी तो ‘बसा’ अजून कानात आहे.

बुधवारी सुतार, गिरणीवाला, मास्तर आणि त्यांची बायको माझ्याकडे आले. मास्तरांना आता सगळं समजलेलं होतं आणि ते सगळ्यांत जास्त पेटलेले. म्हणाले, आमेन परत घेता येतं का, बिशपना विचारू. तुमचं अक्षर चांगलं, अर्ज तुम्ही लिहा. मी म्हटलं, लेकीविरुद्ध मी एक ओळ लिहिणार नाही, आणि ती चार चर्चमागे कशी झिजते ते तुम्हीही बघताय. मग मास्तरांची बायको म्हणाली, ह्यांना त्या गाडीची पायरी चढता येत नाही. मोठ्या चर्चमध्ये ह्यांना ऐकूही येणार नाही. इथे निदान ओठ तरी दिसतात. त्यावर गिरणीवाला माझ्याकडे बघून म्हणाला, मग रविवारी तुम्हीच वाचा ना, वहिनी. आम्ही येतो. पाळक नसेना का.

रविवारचा धक्का परवडला, असा हा दुसरा होता. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हणता आलं नाही. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

हे पत्र त्याचसाठी. पाळकाच्या परवानगीवाचून त्या व्यासपीठापाशी कुणी उपासना चालवू शकत नाही, आणि हे जेवताना ताटावर मागायची गोष्ट नाही. तेव्हा लेखी मागते. ज्यांना गाडीने जाता येत नाही, त्यांच्यासाठी मी रविवारी चर्च उघडू का? गाणी म्हणू, शास्त्रपाठ वाचीन, आजाऱ्यांची नावं घेईन. उपदेश करणार नाही, तो मला जमणारही नाही. तू नाही म्हणालीस तर बाबांनंतर माझ्याकडे राहिलेली चर्चची किल्ली तुझ्या हातात देईन आणि गाडीत मास्तरांना खालून ढकलायला मीच उभी राहीन, रुसणार नाही. पण हो म्हणालीस, तर एक अडतं. शेवटचा आशीर्वाद पाळकानेच द्यायचा असतो, तो माझ्या तोंडी शोभत नाही. गाणं संपेल, लोक माना खाली घालून उभे राहतील आणि वाट बघतील. तेव्हा मी त्यांना काय सांगू, तेवढं कळव.

तुझीच, आणि तुझ्या मंडळीतलीही एक,
आई