नावाच्या डावीकडचं

प्रिय पेलेनातो,

जगात अन्याय पुष्कळ झाले, पण आमच्या बोटकंपनीच्या तिकिटाच्या कागदाने माझ्यावर जो केला, त्याला तोड नाही. हा कागद चार बोटं रुंद. एका ओळीत चोवीस अक्षरं बसतात, पंचविसावं समुद्रात. आपल्या सामोआत चोवीस अक्षरांत कोण मावतं, सांग? आपण माणसं अंगाने ऐसपैस आणि नावानेही. कागद मागवणाऱ्याने एक बोट वाढवून मागितलं असतं, तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. निदान सात आठवडे मी स्वतःची अशी समजूत घालते आहे.

घरी सगळं ठीक. ताविताने दोन डुकरं घेतली. आजोबांचं फालेउलु हे मानाचं नाव ताविताला, माझ्या भावाला, द्यायचं की तुला, यावर घरातली वडीलधारी तीन दिवस बसली, आणि ते तुला मिळालं. त्या दिवशी तो जो गप्प झाला, तो आता फक्त डुकरांशी बोलतो. डुकरंही कंटाळल्यासारखी दिसतात. मी मात्र त्या दिवशी हसतमुखाने सगळ्यांना कोको पाजला होता. तुला आठवत असेल. तू म्हणाला होतास, लुपे, साखर विसरलीस. विसरले नव्हते.

तर त्या कागदाचं. आमच्या साहेबीणबाई माकालिता एक दिवस म्हणाल्या, अगं, ते मिस्टर-मिसेस काढून टाक बाई, बोटीत बसलं की सगळे सारखेच ओकतात. मी तिकिटं छापणाऱ्या यंत्रासाठी एक ओळ लिहिली: नावातली पहिली मोकळी जागा शोध, तिच्या डावीकडचं टाकून दे, उरलेलं छाप. मिस्टर ब्राउनचा ब्राउन झाला, रेव्हरंडसाहेबसुद्धा सुटसुटीत झाले. सगळं चोवीसात. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं, की दुपारी एक बन जास्त खाल्ला. टाकलेलं जातं कुठे, असं तू मला एकदा विचारलं होतंस. नारळ सोलला तर साल अंगणात तरी पडते. यंत्रात कापलेलं कुठेच पडत नाही. झाडून काढायलासुद्धा काही उरत नाही.

आमचे तिकीटवाले येईल त्याच्या नावापुढे मिस्टर-मिसेस लावतात. ज्याला मानाचं नाव आहे त्याच्यापुढे मात्र लावत नाहीत, कारण ते नावच पुढे असतं. त्याला आणखी मिस्टर कशाला? हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. मी यंत्राला सांगितलं नाही. यंत्राने तुझी पहिली मोकळी जागा शोधली आणि डावीकडचा फालेउलु टाकून दिला.

त्या शनिवारी तू नाव मिळाल्यावर पहिल्यांदाच आईला भेटायला पलीकडच्या सवाई बेटावर निघाला होतास. कमरेला इस्त्रीची लावालावा लुंगी, मागे आपली सगळी माणसं. बोटीवरच्या सिआओसीने भोंगा तोंडाला लावला आणि यादी वाचली. तुझ्यासारखे मानाच्या नावाचे आणखी तिघे होते, पण त्यांची नावं त्याला वीस वर्षांची पाठ, त्याने ती तोंडाने जोडली. तुझं त्याच्या जिभेवर अजून बसलं नव्हतं. पेलेनातो! कुठे गेला हा पेलेनातो? चढ की रे लवकर! जसं काही तुला नारळ पाडायला बोलावलं होतं. मागून कुणीतरी म्हणालं, वाऱ्याने नाव उडालं वाटतं साहेबांचं, टोपीसारखं बांधून ठेवायचं होतं! तू पिशवी उचललीस आणि घरी गेलास. नाव परत येईपर्यंत या बोटीवर पाय ठेवणार नाही, एवढंच बोललास. ताविताच्या बहिणीने सूड उगवला, असं लोक म्हणाले. मी म्हणाले, यंत्राची चूक. माकालिताबाई म्हणाल्या, यंत्राची चूक. 

गेल्या शनिवारी मी सवाईला गेले होते. धक्क्यावर मावशी, तुझी आई, बसली होती. दर शनिवारी बसते म्हणे, मांडीवर टोपली, टोपलीत अळूच्या पानांत नारळाचं दूध घालून भाजलेलं तुझं आवडतं पालुसामी. शेवटचा माणूस उतरला तेव्हा तिने टोपली माझ्याकडे सरकवली. खा गं, गार झालं. त्याला म्हणावं, नावाचं काय ते नंतर बघू, नुसतं पोट घेऊन ये. मी टोपली झाकून तिच्या मांडीवर परत ठेवली. 

का नाही खाल्लं ते ऐक. तुझ्या त्या शनिवारच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, मी यादी छापून पाहिली होती. नुसता पेलेनातो मला दिसला होता. दुरुस्ती दोन मिनिटांची होती. मला ताविताचा चेहरा आठवला, तो बिनसाखरेचा कोको आठवला, मी जराशी हसले, यंत्र बंद केलं आणि चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला गेले. गायलेसुद्धा बरं. तेव्हा यंत्राची चूक शुक्रवारपर्यंत. शनिवारची माझी.

हे मी काल माकालिताबाईंना सांगितलं, मग महिला मंडळात उभं राहून सांगितलं, मग घरी. ताविता म्हणाला, गाढव आहेस. डुकरांखेरीज कुणाशी तरी बोलला. नवी ओळ लिहिली आहे: ठरावीक पाच-सहा शब्द दिसले तरच काढ, बाकी कशालाही हात लावू नकोस. नाव लांब असेल तर दोन ओळींत छाप. कागद बिचारा निर्दोष होता.

येत्या शनिवारची यादी सोबत ठेवली आहे. सकाळी आठची बोट, नववं नाव तुझं. सिआओसी कालपासून धक्क्यावर ते घोकतो आहे, सीगल पक्षी वैतागलेत. माफी मागत नाही, ती तू ये आणि मावशीसमोर दे किंवा देऊ नकोस. पत्राच्या आत मी तुला पेलेनातो म्हटलं, कारण आत मी बहीण आहे. पाकीट मात्र फेकण्याआधी एकदा उलटून बघ. तिथे यंत्राला बोट लावू दिलेलं नाही. फालेउलु आधी, मग मोकळी जागा, मग तू. माझ्या हातचं आहे.

तुझीच,
लुपे