अर्जाचं पहिलं वाक्य

ता. ४ मार्च

चि. छकुलीस, अ. उ. आ.

गवत कापायच्या यंत्रानं माझे कान खाल्ले आणि फोनवर तू भरभर बोलतेस, म्हणून पत्र. मैदान विकायची नोटीस फाटकावर लागली आहे. हरकत असेल तर वीस तारखेपर्यंत कचेरीत लेखी कळवायची. मी पडलो क्लबचा नोकर, माझी हरकत चालत नाही म्हणाले कचेरीतले. तुम्ही आपल्या फुटबॉल संघाचे चाहते नेटवर दिवसभर बडबडत असता, सगळ्यांचा मिळून एक अर्ज तेवढा पाठव. मैदान गेलं की गॅलरीखालची माझी खोलीही गेली. या वयात कुठे जाऊ, सांग बरं?

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझा मामा

ता. १३ मार्च

ती. स्व. मामास, शि. सा. न. वि. वि.

अर्ज तयार आहे, पण पहिल्याच वाक्यावर घोडं अडलंय. मागच्या मोसमात आपल्या बॅनरवरचं इंग्रजी चुकलं आणि समोरच्यांनी आपली लाज काढली, तेव्हापासून जो तो धास्तावलाय. एक निवृत्त मास्तर म्हणतात, सुरुवातीचा शब्द लाचार वाटतो. वकीलसाहेब म्हणतात, स्वल्पविराम चुकला. गोलकीपरच्या मेव्हण्यानं तर दोघांचीही अक्कल काढली. मीही गप्प बसले नाही हं! भाषांतरं करून पोट भरते मी, आणि मास्तर मला शिकवणार? असं सुनावलं की दोन दिवस फिरकले नाहीत. तू काळजी करू नकोस, लावतेच सोक्षमोक्ष.

कान जप, आणि माझ्यावर माया असू दे.

तुझी छकुली

ता. २४ मार्च

चि. छकुलीस, अ. उ. आ.

वीस तारखेला कचेरी बंद होईपर्यंत मी बाकावर बसून होतो. कारकून भला माणूस, माझ्यासाठी थोडा थांबलासुद्धा. एकही हरकत आली नाही, म्हणून विक्री मंजूर झाली. राग आला तुझा, खोटं कशाला बोलू? मोडकंतोडकं लिहून पाठवलं असतंस तरी चाललं असतं गं.

रविवारी खोली सोडतो. तुझ्याकडे नको, तुझीच जागा केवढीशी. कुठे जायचं ते अजून सुचत नाही.

काल तुझे मास्तर आणि वकील येऊन गेले. एकमेकांशी बोलत नव्हते, पण रडले दोघंही. मैदानाच्या भिंतीवर निरोपाचं एक वाक्य रंगवा, मजकूर नेटवर ठरवून कळवतो, म्हणाले. मी भिंतीला पांढरा हात देऊन ठेवलाय. सोमवारी भिंत पाडायला येणार आहेत. मजकूर अजून आलेला नाही.

माया आहे तशीच आहे.

मामा