माझ्यावर बंदी कधी येणार?

लाइपझिग, पूर्व जर्मनी, २ जानेवारी १९८४

नवी वही. ठराव एकच. यंदा माझ्यावर बंदी आलीच पाहिजे.

ड्रेसडेनच्या त्या बोबड्या गायकावर आली. हाले गावच्या तिघांना नुसतं दोन दिवस आत ठेवलं, तर आता पोरी वळून वळून बघतात त्यांच्याकडे. आणि मी? मी, फोल्कमार लिपोल्ड, स्टेजवरचं नाव 'वणवा', इतकी वर्षं चर्चच्या तळघरात सरकारच्या नावानं बोंबलतोय, आणि सरकारला पत्ता नाही. मी त्यांचं काय घोडं मारलंय? परवाच्या कार्यक्रमात दारावरचा पोलिस शेवटी टाळ्या वाजवत होता. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

बंदी नसलेला अंडरग्राउंड गायक म्हणजे नुसता तळघरात बसलेला माणूस.

९ जानेवारी, सकाळी

बालवाडीचा बॉयलर पेटवताना प्लॅन सुचला. (नोकरी करावीच लागते. नाहीतर आळशी म्हणून आत टाकतात. तसल्या कारणानं आत जाणं माझ्या लेव्हलचं नाही.)

इथे सरकारी परीक्षकांपुढे वाजवून परवाना घेतल्याशिवाय कोणाला स्टेजवर चढता येत नाही. आम्ही तो कधी मागितलाच नाही. तिथेच चुकलं. मागितल्याशिवाय ते नाकारणार कसा? तेव्हा अर्ज करायचा, तोंडावर सगळ्यात जहाल गाणं म्हणायचं, ते चवताळणार, बंदी. शिक्क्यासकट.

गेझिनेला सांगितलं. ती आमच्याकडे बास वाजवते आणि माझ्या गाण्यांचे शब्द जरा नीट करून देते. म्हणजे संताप माझा, शब्द तिचे. शब्द काय, कोणीही लिहील. ती म्हणाली, बिनपरवाना वाजवून आपण रोज गुन्हा करतोच आहोत, वर अर्ज कशाला? हात दाखवून अवलक्षण. तिला करिअर हा विषयच कळत नाही.

ड्रमवाल्या डेटलेफला विचारलं नाही. त्याच्याकडे गाडी आहे, तेवढं पुरे.

३ फेब्रुवारी

अपमान.

तीन परीक्षक. मी 'भिंतीला खिडकी नाही' म्हटलं. मानेच्या शिरा तुटेपर्यंत म्हटलं. गेझिने नेहमीसारखी डावीकडे उभी राहून ओठ हलवत होती. दुसरं कडवं मी विसरत नाही, फक्त तिच्याकडे बघावं लागतं.

पास केलं! मुख्य परीक्षक बाई म्हणाल्या, शब्द एकही कळला नाही, पण आवाज पार शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो, उघड्यावरच्या कार्यक्रमांना असा माणूस लागतोच. वेळेवर आल्याचेही मार्क दिले. मी म्हटलं, बाई, भिंतीबद्दलची ओळ ऐकलीत का? तर म्हणाल्या, घसा जपा. आणि पर्समधून पेपरमिंटची गोळी काढून दिली.

रागाच्या भरात ती खाल्ली.

५ फेब्रुवारी

डेटलेफ खूश. आता म्हणे नाचाच्या कार्यक्रमांना वाजवता येईल, लोक समोर नाचतील. याला म्हणतात घरचा भेदी. आज कोणाशी बोललो नाही. आईशी फक्त बटाट्यांपुरतं.

२० फेब्रुवारी

प्लॅन नंबर दोन. हा फसणार नाही.

आमची सगळी गाणी कॅसेटवर घेतली. मार्चमधल्या व्यापारी जत्रेला पलीकडचे लोक येतात. त्यातला एक डच यंत्रविक्या ती खिशात घालून भिंतीपलीकडे नेईल, आणि तिकडे रेकॉर्ड निघेल. पश्चिमेत रेकॉर्ड! मग बघतो बंदी कशी येत नाही ते. ओळख गेझिनेची, पण एकूण कल्पना माझीच म्हणायची.

कॅसेट माझ्या बॉयलरच्या खोलीत, जुन्या भट्टीच्या दारामागे. जागा फक्त मला आणि गेझिनेला ठाऊक. डेटलेफलाही सांगितलेलं नाही.

ठराव: प्राण गेला तरी तोंड उघडणार नाही.

२७ फेब्रुवारी

आलं! गुप्त पोलिसांचं बोलावणं आलं! 'एका बाबीचा खुलासा करण्यासाठी' गुरुवारी हजर राहा, ओळखपत्र आणा. याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो.

कार्ड सगळ्या बिल्डिंगला दाखवलं. बेकरीतही दाखवलं. आई रडली, मग लोकरीचे बनियन काढायला बसली. बालवाडीतल्या पोरांचा निरोप घेतला. त्यांनी विचारलं, मग कोळसा कोण टाकणार? लहान आहेत.

गेझिने तेवढी पांढरीफटक पडली. म्हणाली, काहीही विचारलं तरी माहीत नाही म्हण. एवढंच कर. मी हसलो. माझ्यासारख्याकडून काही काढून घ्यायचं तर नखं उपटावी लागतील.

१ मार्च, दुपारी

सविस्तर लिहितो. इतिहासाला लागेल.

टूथब्रश, दोन बनियन, आईनं बांधून दिलेला सॉसेजचा पाव घेऊन वेळेआधी हजर. तपकिरी स्वेटर घातलेला एक माणूस. उठून हात मिळवला, कॉफी दिली. बॉयलरच्या खोलीत फार उकडतं का, विचारलं. मी छाती काढून बसलो होतो.

मग म्हणाला, "तुमची काही काळजी नाही हो, लिपोल्ड. तुम्ही निरुपद्रवी माणूस. आम्हाला त्या गेझिनेबाईंबद्दल विचारायचं होतं. गाणी त्या लिहितात ना?"

निरुपद्रवी! मला! डोळ्यांपुढे काजवे चमकले. टेबलावर मूठ आपटली. कॉफी सांडली. म्हटलं, गाणी माझी आहेत, एकूण एक माझी. तो म्हणाला, असं? मग त्या भिंतीच्या गाण्याचं दुसरं कडवं म्हणून दाखवा.

डावीकडे भिंत होती. पहिला शब्द आला. पुढची चाल गुणगुणून दाखवली.

तो हसला. मला बघून हसला. आईशपथ, एवढा संताप आयुष्यात आला नव्हता. मग सांगितलंच. कॅसेट, डच माणूस, जुन्या भट्टीचं दार. म्हटलं, निरुपद्रवी काय? हे सगळं माझ्या डोक्यातून निघालंय.

हसू बंद. खाडकन. त्यानं पेन उघडलं आणि शब्द न् शब्द लिहून घेतला. मधे एकदा थांबवून म्हणाला, जरा सावकाश. इतक्या वर्षांत माझे शब्द लिहून घेणारा पहिलाच माणूस.

जेवायच्या आत सोडलं. पाव ट्रॅममध्ये खाल्ला. आईनं शेजारणी जमवून ठेवल्या होत्या, मला बघून त्या हिरमुसल्या.

८ मार्च

पोलिसांनी बॉयलरची खोली उलथीपालथी केली. कॅसेट नेली. डच माणसाला सीमेवरूनच परत पाठवलं. आणि गेझिनेला पकडलं.

गेझिनेला! मी तिथे फावडं घेऊन उभा. ओरडून सांगितलं, मला न्या, सूत्रधार मी आहे. त्यातला एक पोरगेला म्हणाला, "काका, जरा बाजूला व्हा."

छत्तीस वर्षांचा आहे मी!

१४ एप्रिल

चर्चमध्ये गेझिनेसाठी मेणबत्त्या लावतात. तिच्या नावाची पत्रकं वाटतात. पत्रक वाचलं. दोनदा वाचलं. माझा उल्लेख नाही.

११ मे

गेझिने येऊन गेली. तुरुंगातून सोडलं ते देशाबाहेर घालवायलाच. संध्याकाळची गाडी, एक सुटकेस, परत यायचं नाही. स्वतःच्या आईला भेटून उरलेल्या वेळात बॉयलरच्या खोलीत आली. केस कापलेले, अंगावर पकडलं तेव्हाचाच हिवाळ्याचा कोट.

मला राग होताच, तो लपवला नाही. म्हटलं, तुझी चैन आहे. हाकलून दिलं, आता पलीकडच्या पेपरात नाव येईल. मी बसतो इथे कोळसा उपसत.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, कॅसेटची जागा दोघांनाच ठाऊक होती. मी म्हटलं, मी तरी दुसरं काय म्हणतोय? गद्दार शोधलाच पाहिजे. मला डेटलेफचा संशय आहे.

तिनं कोटाची बटणं लावली. मग म्हणाली, "कॅसेटवर मी तुझं नाव लिहिलंच नव्हतं, फोल्कमार. सापडली तर तुला त्रास नको म्हणून."

नाव नाही! आवाज माझा, संताप माझा, आणि नाव नाही! एवढा ओरडलो की वर दुपारची झोपलेली पोरं उठून रडायला लागली. ओरडून झालं तेव्हा ती गेलेली होती. निरोपसुद्धा घेतला नाही. माणुसकी म्हणून काही राहिलेलीच नाही.

१६ जून

परवान्याचा पहिला कार्यक्रम. बागवाल्यांच्या कॉलनीचा उन्हाळी मेळावा. समोर स्ट्रॉबेरीचे वाफे, बाकांवर आजीआजोबा.

ठरवून 'भिंतीला खिडकी नाही' घेतलं. म्हटलं, आता तरी होऊ दे काय व्हायचं ते. पहिलं कडवं दणक्यात झालं. दुसऱ्याला सवयीनं डावीकडे बघितलं. नवा बासवाला खाली मान घालून तारा बघत होता.

काही आठवेना. ला ला ला म्हटलं. आजीआजोबांनी एकमेकांच्या दंडात दंड अडकवले आणि डुलत डुलत तेही ला ला ला म्हणायला लागले. खूप टाळ्या पडल्या. पुन्हा म्हणायला लावलं.

वायरी गुंडाळत होतो तेव्हा तो आला. आज स्वेटर नव्हता, अर्ध्या बाह्यांचा शर्ट. एका हातात भाजलेलं सॉसेज, दुसऱ्यात बायकोचा हात. बायकोला म्हणाला, "हेच ते लिपोल्ड. मागे मार्चमध्ये आम्हाला यांची फार मदत झाली." बाई म्हणाल्या, आवाज गोड आहे हो तुमचा.

डेटलेफ शेजारीच झांजा पुसत होता. ते दोघे गेल्यावर त्यानं विचारलं, "मार्चमध्ये कसली मदत?"

मी म्हटलं, मला काही माहीत नाही.

त्यानं झांजा पिशवीत टाकल्या. ड्रम गाडीत भरले, नव्या बासवाल्याला पुढे बसवलं आणि गेला. माझा माइकचा स्टँड गवतात ठेवून गेला. तो खांद्यावर टाकून पायी घरी आलो. सबंध रस्ता दुसरं कडवं आठवत होतो. गेझिनेचे हलणारे ओठ दिसत होते, शब्द दिसत नव्हते.

दार आपटलं तशी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. आज कोणावर चिडलायस, म्हणाली.

म्हटलं, माहीत नाही.